ऑर्तांसनं अखेर मला मारलं

व्हेर्व्हिए, बुधवार

आदरणीय क्लेमांसताई,

तुमच्या मोडलेल्या पायाला आता आराम पडला असेल अशी आशा करतो. धाकट्या बहिणीच्या, माझ्या ऑर्तांसच्या, अंत्यविधीला येता आलं नाही, हे जिवाला लावून घेऊ नका. सगळं शांतपणे पार पडलं असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

ऑर्तांस वर्षाला पाच-सहा रहस्यकादंबऱ्या लिहायची आणि प्रेतं गावातूनच निवडायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (खाटीक लांबेरला तिनं शीतगृहात कोंडून मारलं, तेव्हापासून त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्याच्या दुकानात टांगलेलं आहे.) सगळ्यांचे नंबर लागले, राहिलो मी. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "तुला मारलं तर मला कॉफी कोण देईल?" मी कॉफी करून दिली, पण मनाला लागलं.

ताई, परवा तिच्या टेबलावरची अर्धी राहिलेली कादंबरी वाचली. पहिल्याच पानावर धरणात प्रेत! पाणीपुरवठा कार्यालयातला निवृत्त कारकून, तपकिरी मफलर, एक कान जरा मोठा. मीच की! आनंदानं घरभर फिरलो. (सुतकातल्या माणसाला हे शोभतं का, माहीत नाही.)

दफनानंतरच्या कॉफीला हे माझ्या तोंडून निसटलं, आणि तांदळाच्या टार्टच्या बशा हातात धरूनच लोक भांडायला लागले. खुनी कोण, हे लिहायचं राहून गेलंय ना!

"मीच! सुरे कोणाकडे आहेत?" लांबेर ओरडला.

"अरे, तो पाण्यात सापडलाय," औषधवाल्या दल्वोबाई म्हणाल्या. "आधी विष दिलेलं असणार. गावात औषधांचं दुसरं दुकान आहे का?"

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "निदान मला संशयितांत तरी घ्या."

प्रकाशकानं मला बाजूला घेतलं. शेवट घरच्या कोणी लिहिला तर ठीक, नाहीतर पॅरिसच्या एका पोराकडून लिहून घेणार म्हणे. तो पोरगा मला ओळखतही नाही!

पायाला जपा.

आपला नम्र,
फिर्मां

ता. क. : ऑर्तांसचे सगळे कच्चे खर्डे तुम्हीच तपासायचात. ही पानं सोबत पाठवली आहेत. शेवट तुम्ही लिहा.

पुन्हा ता. क. : लांबेरला सांगू नका, पण खुनी ऑर्तांसलाच करा. दुसऱ्या कोणाच्या हातून मरायची माझी इच्छा नाही.