बारा पत्रं

४ मार्च

पोहोचले एकदाची. दोन दिवसांच्या प्रवासात हाडं खिळखिळी झाली, पण फाटकाशी उतरले आणि शीण कुठल्या कुठे गेला. सेवाघर म्हणजे एक लांब, बैठी इमारत. चोवीस खाटा, चोवीस म्हातारी माणसं, एक धुणीखोली, एक कपड्यांची खोली आणि बारा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. माझ्याकडे चादरी, अभ्रे आणि खिडकीकडच्या सहा खाटा. इथल्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी स्वतः चहा करून दिला. आमच्या मंडळीतून माणसं येत आली आहेत म्हणून त्या आमची भाषा शिकल्या, थोडी पुस्तकी बोलतात इतकंच.

आमची मंडळी म्हणजे अवघी बेचाळीस डोकी, त्यात पाच तान्ही. पण परदेशी सेवेला माणूस पाठवायचं म्हटलं की सगळ्यांची छाती फुगते. निघताना पाळकसाहेबांची प्रार्थना इतकी लांबली की शेवटी आईने खोकून गाडीची वेळ सुचवली. माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःचीही पिशवी भरून ठेवली होती. बाबा म्हणाले, एका वेळी एकच. ती फुगून बसली, पण गाडी हलता हलता माझा रुमाल ओढून घेतला आणि तिचा निळ्या काठाचा माझ्या हातात कोंबला.

शिंपीकाकांची मोठी मुलगी आठ महिन्यांपूर्वी इथेच आली. तिची पत्रं दर महिन्याला उपासनेत वाचतात. तिला बघायला मी अधीर झाले होते, पण ती वरच्या केंद्रावर गेली आहे. रविवारी खाली येते म्हणे.

वाचून पाहिलं.

(हे शेवटचं बघून मोठ्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं की दहा वर्षांच्या होईपर्यंत आम्हा दोघींची शाळा म्हणजे बाबा आणि स्वयंपाकघरातलं टेबल. लिहिलेलं पुन्हा वाचायचं, खोटं सापडलं तर खोडायचं, मगच खाली सही केल्यासारखं ‘वाचून पाहिलं’ लिहायचं. बाई खूप हसल्या. मीही हसले.)

६ मार्च

इथली एक पद्धत मला बोचते आहे. प्रत्येक नव्या सेविकेने पहिल्या आठवड्यातच वर्षभराची बारा पत्रं लिहून द्यायची. फोन इथे लागत नाही, टपालगाडी महिन्यातून एकदा येते. मोठ्या बाई म्हणाल्या, मुली दमल्या की रडकी पत्रं लिहितात, नाहीतर लिहितच नाहीत, आणि तिकडे आईबापांच्या जिवाला घोर. मन भरलेलं असतं तेव्हाच लिहून ठेवलेलं बरं. त्या दर महिन्याला एक टाकतील.

त्यांचं म्हणणं पटतं. पण नोव्हेंबरात मी बरी असेन, हे मार्चात कसं लिहू?

वाचून पाहिलं.

९ मार्च

लिहिली. बाराच्या बारा.

पहिल्या पत्रात शिंपीकाकांच्या मोठीची भेट झाली, ती मजेत आहे, असं लिहायला बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, अजून कुठे झाली? त्या म्हणाल्या, “रविवारी होईल. लिहून तर ठेव.” तिच्या आईचा, काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी लिहिलं. रविवार काल होता. ती आली नाही.

तिसऱ्या पत्रात काय लिहावं सुचेना. लिहिलं की धाकटी इथे असती तर किती बरं झालं असतं. बारा पत्रांत तेवढंच एक वाक्य मनापासूनचं आहे. कुठल्याच पत्राखाली ‘वाचून पाहिलं’ लिहिलं नाही, हात धजला नाही.

वाचून पाहिलं.

१९ मार्च

कपड्यांच्या खोलीत मला कुणीतरी मदत करतं. दुपारी सुकलेल्या चादरी ढिगाने टाकून जेवायला जाते, परत येते तो घड्या तयार. कोपरे आत मुडपलेले, कडेवरून नखाची रेघ ओढलेली. आमच्याकडे अशी घडी एकच जण घालायची, शिंपीकाकांची मोठी. प्रार्थनाघरातलं टेबलाचं कापडसुद्धा ती अशी घडी करायची की मंडळी म्हणायची, हिच्या हाती रुमाल दिला तरी रुखवतात मांडण्याजोगा होईल.

म्हणजे ती खाली येते. मग मला भेटत का नाही? माझं काही चुकलं का? येण्यापूर्वी तिला एक पत्रही पाठवलं नाही मी.

वाचून पाहिलं.

३ एप्रिल

आज जेवणाच्या टेबलावर माझं ताट नव्हतं. स्वयंपाकीणबाईंना विसर पडला असेल म्हणून मीच घेऊन आले. इथली भाषा आता थोडी येते. तोडकंमोडकं बोलून त्यांना विचारलं, वरचं केंद्र किती लांब? त्या भांडंच घासत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, वर फक्त पाण्याची टाकी आहे.

कामाच्या फळ्यावर माझ्या सहा खाटांपुढे कुणाचंच नाव नाही. पुसलेल्या खडूचा पांढरा डाग आहे. माझ्याच बाहीने पुसलं गेलं असेल.

वाचून पाहिलं.

२२ एप्रिल

खिडकीजवळच्या आजी आंधळ्या आहेत. त्यांचे केस विंचरताना आज त्या काहीतरी म्हणाल्या. इथल्या भाषेत ‘दोन’ हा शब्द मला पहिल्या दिवसापासून कळतो. तुम्ही दोघी आलात ते बरं केलंत, असं त्या म्हणत होत्या. मी एकटीच होते. त्यांनी हात पुढे केला, माझ्या मनगटावरून फिरवला, मग माझ्या शेजारी, रिकाम्या जागी तसाच फिरवला. आणि तिथे थोपटलं.

बाकीच्या पाच खाटांवरची माणसं आता मी आले तरी वळून बघत नाहीत. मी त्यांना पाणी पाजते, ती पितात, आणि नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे.

वाचून पाहिलं.

८ मे

आईचं पत्र आलं आहे. मोठ्या बाईंच्या टेबलावर फोडून ठेवलेलं होतं, मी उचललं, कुणी अडवलं नाही. बाई समोरच बसल्या होत्या.

आई लिहिते: “बाळा, तुझं पत्र वाचून काकूंचा जीव भांड्यात पडला. मोठी मजेत आहे हे तू डोळ्यांनी पाहिलंस, आता काय हवं? बाबाही निर्धास्त आहेत. म्हणतात, खाली ‘वाचून पाहिलं’ आहे ना, मग लेकीचा शब्द खरा.”

मी ते लिहिलं नव्हतं.

मी ते लिहिलं नव्हतं. कुठल्याच पत्राखाली नाही. फक्त पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं.

बाईंचं कपाट उघडं होतं. पत्रांचे गठ्ठे, प्रत्येकाला दोरा. शिंपीकाकांच्या मोठीच्या गठ्ठ्यात अजून दोन शिल्लक आहेत. मे आणि जून. दोन्हींत ती मजेत आहे. माझ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर मे. धाकटीचं वाक्य त्यातच. हात घातला तेवढ्यात बाई उठल्या, माझ्या अंगावरूनच आल्यासारख्या आल्या आणि कपाटाला कुलूप घातलं.

ते पत्र जाता कामा नये. ती वाट बघत बसलेली आहे. पिशवी भरलेलीच असेल तिची.

वाचून पाहिलं.

१२ मे

गाडी आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. टपालवाल्याने गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही. शेवटच्या क्षणी मीच बाजूला झाले. मला दगड मारायचा होता. आम्हाला तसं शिकवलेलं नाही.

परत जाण्याआधी त्याने पत्रांची थैली गाडीत मागे टाकली आणि तो पुढे बसला. मी थैलीला हात घातला. ती उचलली जाईना, जसा काही माझ्या हातात जोरच नव्हता. थैलीत वरती माझंच अक्षर दिसत होतं —

गेलं.

वाचून पाहिलं.

३० मे

फाटकाबाहेर चालत राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. शेवटी समोर फाटकच आलं. आतल्या बाजूने.

चादरी ओढत होते तेव्हा दुसरं टोक कुणीतरी धरलं. घडी जुळवून माझ्याकडे आली — कोपरे आत. मी तिचं नाव घेतलं. चादर थरथरली. मी तिला म्हटलं, मला माफ कर, मी लिहिलं की तू मजेत आहेस.

आजी म्हणतात, दोघी.

वाचून पाहिलं.

१८ जून

टेबलाशी अकरा खुर्च्या. बारावी भिंतीला टेकून ठेवली आहे, नव्या माणसासाठी, असं स्वयंपाकीणबाई कुणाला तरी सांगत होत्या. भूक लागत नाही.

भूक लागत नाही हे आज लक्षात आलं. किती दिवस — आठवत नाही.

मी रोज आईला खरं पत्र लिहिते. सकाळी कागद कोरा असतो. या वहीतलं मात्र राहतं. का ते कळत नाही. कदाचित इथे खोटं एकही —

वाचून पाहिलं.

७ जुलै

आजींनी आज विचारलं, तिसरी कधी येणार?

११ जुलै

ती आली.

फाटकाशी टपालगाडीतून उतरली. माझाच रुमाल डोक्याला बांधलेला. हसत होती. मी धावले, गळ्यात पडले. ती म्हणाली, केवढं गार आहे हो इथे, आणि पदर घट्ट ओढला.

मोठ्या बाईंनी स्वतः चहा केला.

ताई कुठे आहे, तिने विचारलं. वरच्या केंद्रावर, बाई म्हणाल्या. रविवारी येईल.

१३ जुलै

तिच्यापुढे बारा कोरे कागद. मी तिच्या खुर्चीमागे. शिंपीकाकांची मोठी दाराशी — आता मला ती दिसते. फार वाळली आहे.

धाकटी पहिलं पत्र लिहिते आहे. प्रवास, खाटा, चहा. बाई सांगतात ते — ताई भेटली, मजेत आहे —

ती थांबली. बाबांनी शिकवलं तशी वरपासून वाचते आहे. म्हणाली, “पण ताई भेटली कुठे अजून?”

“रविवारी भेटेल. लिहून तर ठेव.”

तिने पेन पुन्हा उचललं —

निळ्या काठाचा रुमाल माझ्याकडे आहे. मोठीने तो घेतला. कोपरे आत मुडपले, नखाने रेघ ओढली. दोघींनी मिळून ढकलला, सगळा जोर लावून. कागदावर. पेनाच्या टोकाखाली.

धाकटी बघते आहे. बाईंनी पाहिलं नाही अजून.

तिने रुमाल उलगडला. वास घेतला. डोळे वर केले, थेट माझ्या —

बाई उठल्या. ती पेन खाली ठेवते आहे —