राखीव औषध

ता. ४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. कोंबड्यांबरोबर तूही वाढलायस, पोट आवर.

इथे प्रयोगशाळेत देशोदेशींचे जंतू येतात. कुठल्या जंतूवर कुठलं औषध अजून चालतं, ते तपासून आम्ही सगळ्यांना कळवतो. परवा एका कोंबड्यांच्या शेडच्या सांडपाण्यातला जंतू आला. एकामागून एक औषधं घातली, गडी ढिम्म. दवाखाने जे औषध अगदी शेवटासाठी राखून ठेवतात, त्यालाही दाद देईना. आमच्या सरांचा चेहरा उतरलेला पाहिला आणि मला तुझी शेड आठवली.

तू पिल्लांच्या पाण्यात काय मिसळतोस? बाटलीवरचं नाव कळव. चिमणीला सांग, नवऱ्याला भात कमी वाढ.

तुझी ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चिमणी म्हणते, ताई जंतूंनाही धाकट्या भावासारखं दटावत असतील. बाटलीचं लेबल सोबत पाठवतोय. औषध बंद केलं तर अर्धी पिल्लं माना टाकतील, असं दाणेवाला म्हणतो. इथे सगळेच घालतात, मी एकट्याने शहाणपण करून काय होणार?

शेड धुताना चिमणीच्या उजव्या हाताला पत्रा लागला. तळवा सुजलाय. गोळ्या चालू आहेत, पण ताप हटत नाही. हटेल म्हणा. माया आहेच, रागावू नकोस.

तुझा बाळ्या

ता. २० फेब्रुवारी

चि. बाळ्यास आशीर्वाद.

फोनवर ओरडले खरी, पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. लेबल वाचलं. तेच राखीव औषध आहे ते! चिमणीला मोठ्या दवाखान्यात हलवलंस, बरं केलंस. जखमेतला पू तपासायला गेलाच पाहिजे. ती शेडमध्ये काम करते आणि पाण्यात हे औषध असतं, हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. लपवू नकोस.

पाण्याचे नमुने घ्यायला आमची माणसं येतील. फाटक उघड. शेजारी बोल लावतील, लावू देत. बायको आधी.

तुझी ताई

ता. २२ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नका. दोन बोटं गेली, मी वाचले. डॉक्टर म्हणाले, राखीव औषधही हरलं, दुसरं एकच उरलं होतं, तेवढं लागू पडलं. आमच्या गटारातही माझ्या हातातलाच जंतू निघाला. यांनी फाटक उघडलं म्हणून आजूबाजूचे शेडवाले बोलेनासे झाले. आमच्या पोटावर पाय दिलात, असं शेजारीण तोंडावर म्हणाली. हे रात्री जेवले नाहीत.

आज तीच शेजारीण मागच्या दाराने आली. कडेवर लेक, अंग तव्यासारखं तापलेलं. तिने पोरीची बाही वर केली, कोपरापर्यंत लाल सूज होती. तुला दिलं ते औषध कुठे मिळतं, एवढंच तिने विचारलं. हे दोघींना घेऊन दवाखान्यात गेलेत. मी एकटीच घरी आहे.

ताई, ते औषध तिच्यावर चालेल ना? बाकी लोभ नंतर, आधी एवढं कळवा.

तुमची चिमणी