इथेच जन्मलेला माणूस पाहिजे

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कारण गुडघे आता वाकत नाहीत). तुझी कंबर कशी आहे? भावजींना काही ऐकू येतं का, की अजून 'पान वाढलंय' एवढंच ऐकू येतं? मी बरा आहे, म्हणजे आहे. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत चौथा मजला चढतोय.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की यंदा झेंडा मी फडकवणार होतो. तीस वर्षं खांब मी रंगवतो, दोरी मी बदलतो, आणि ओढायची वेळ आली की अध्यक्ष पुढे. अध्यक्ष गेल्या वर्षी वारले. म्हटलं, आता आपली पाळी. खरं सांगतो, आयुष्यात दुसरी हौस उरलेली नाही.

संध्याकाळी आम्ही जुने तिघं दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसतो, तळमजल्यावरचा न्हावी, निवृत्त नर्सबाई आणि मी. विषय ठरलेला. शहराचं वाटोळं झालं, आपली माणसं गेली, कुठलंही दार उघडलं की अनोळखी तोंड, आणि देशप्रेम म्हणशील तर ते फक्त आम्हा तिघांत शिल्लक. त्यात त्या मजल्यावर नवीन आलेल्या बेकरीवाल्याची बायको लसूण परतते. आम्ही नाकं मुरडतो. (मग तिथेच का बसता, असं विचारू नकोस. न्हावी म्हणतो तिथे वारा चांगला येतो.)

एकदा बेकरीवाल्याने, बिचाऱ्याने चांगल्या मनाने, विचारलं की झेंड्याच्या दिवशी काही मदत करू का. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे ठराव मांडला की झेंडा फडकवणारा याच इमारतीत जन्मलेला असावा. तिघांनी हात वर केले. ठराव ठळक अक्षरांत लिहून खाली चिकटवलाही मीच. मग नर्सबाईंनी चष्मा पुसत सांगितलं, की मी दोन वर्षांचा असताना बहिणीच्या कडेवर बसून इथे आलो आणि पहिल्याच जिन्यात ओकलो. जिना त्यांच्या सासूने धुतला होता आणि मरेपर्यंत ती ते विसरली नाही. न्हावी सहाव्या वर्षी आलेला, त्या स्वतः लग्न होऊन. ताई, तू हे मला कधी बोलली नाहीस. सत्तर वर्षं ज्यांना बाहेरचे म्हणत आलो, त्यांत मीही निघालो.

दारोदार फिरून चौकशी केली, तेव्हा इमारतीत जन्मलेला एकच माणूस सापडला, बेकरीवाल्याचा सात आठवड्यांचा मुलगा. अँब्युलन्सची माणसं वर पोचेपर्यंत त्याला धीर निघाला नव्हता आणि नर्सबाईंनीच त्याच्या आईला सोडवलं होतं. मी ठराव फाडायला निघालो, तर न्हावी म्हणाला, ठराव म्हणजे ठराव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी बापाने पोराला कडेवर घेऊन दोरी त्याच्या मुठीत दिली. पोराने धरली ती सोडेचना. झेंडा अर्ध्यावर अडकला. रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ थांबला, टोपी काढली आणि हळूच विचारता झाला, "कोण गेलं?"

"आम्ही सगळेच," न्हावी म्हणाला.

बेकरीवाला ओशाळून एकेक बोट सोडवत होता. सगळे हसले. मी घरी आलो, दार लावलं आणि रडलो.

तुझा,
धाकटा

ता. क. : बेकरीवाल्याची बायको गेला महिनाभर मला रोज एक वाटी भाजी पाठवते आहे. लसणाची. न्हाव्याला आणि नर्सबाईंना कळता कामा नये. (काल वाटी परत द्यायला गेलो, तर तिच्या ओट्यावर ओळखीच्या आणखी दोन वाट्या होत्या.)

पुन्हा ता. क. : खरं लिहायचं होतं ते राहिलंच. चार मजल्यांपुढे गुडघ्यांनी हात टेकले आहेत. माझ्या खोल्या बेकरीवाला घेतोय, पोराला रांगायला जागा हवी म्हणतो. पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे कायमचा येतोय, नाही म्हणू नकोस. तुझे शेजारी कसे आहेत, ताई? बाहेरून आलेल्या म्हाताऱ्याशी बोलतात का?