भाऊबीजेला पाय ओढून घेते ते

चि. देवदत्त, तुला खूप आशीर्वाद.

माझ्या पायाच्या शिरा सुतळीच्या गाठींसारख्या फुगल्यात रे. कुणाला दाखवावं, डोकं चालेना. घोट्याजवळ कातडी काळी पडली म्हणून चामडीवाल्याकडे गेले, त्याने मलम दिलं. पाय ठणकतात म्हणून हाडवाल्याकडे गेले, त्याने गुडघ्याचा फोटो काढला. शेजारची रुचिरा म्हणते, "मावशी, हार्टवाल्याला विचारा ना!" आता घोट्यापाशी जखम झालीय, ती भरत नाही. शेवटी चामडीवालाच म्हणाला, "आजी, हे रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं काम. मुलुंडला एक चांगले आहेत." चिठ्ठीवर तुझंच नाव.

तू हेच काम करतोस, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच! पण तू पहिलं विचारशील, "ताई, उभ्याने काम किती वर्षं केलंस?" तुझं डॉक्टरीचं शिक्षण होईस्तोवर भांडुपच्या पोळीभाजी केंद्रात उभी होते, हे तुलाच कसं सांगू? म्हणून तर भाऊबीजेला तू वाकलास की मी पाय साडीत ओढून घेते. तुझ्याकडे यावं की दुसरा शोधावा, अजून कळत नाही.

हे पत्र काही पेटीत टाकवत नाही. पण यंदा ओवाळून झालं की पाय पुढेच ठेवीन. नीट बघ हो.

तुझी,
जयंतीताई