ठळक गोल अक्षरांचा वारसा

मी, अहल्या रघुनंदन राव, वय शहात्तर, गणिताची निवृत्त प्राध्यापिका, राहणार जे. पी. नगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायची हिंमत कोणी केलेलीही नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी संहिता हिला मिळाव्यात. पार्किंगवरून शेजाऱ्यांशी चाललेला वाद तिने पुढे चालवू नये. तो माझा आहे.

२. माझे दिवंगत पती रघुनंदन यांनी दुकानांच्या पाट्यांसाठी कन्नड व देवनागरीत ठळक, गोल अक्षरांचा टाइप घडवला. त्याची रेखाटने, संगणकातील फाइली व सर्व हक्क संहितेलाच द्यावेत. पुतण्या प्रणीत याला का नाहीत, तेही लिहिते. मागून कुजबुज नको.

प्रणीत म्हणाला, "काकू, तुम्ही गणितवाल्या ना? मोजा. काकांची वर्तुळं वर्तुळंच नाहीत!" मी मोजले. त्याचे बरोबर होते. गोलाई आडवी किंचित फुगलेली, सपाट माथ्याच्या अक्षरांहून केसभर उंच. रेघा जुळतात तिथे बारीक. त्याने सगळी वर्तुळे संगणकावर अचूक केली आणि शिवाजीनगरात मल्लाप्पांच्या छत्र्यांच्या दुकानाची नवी पाटी त्यातून करवली.

पाटी चढली. मल्लाप्पा रस्त्यापलीकडून बघून म्हणाले, "अक्का, अक्षरं स्वल्प उपाशी दिसतात की!"

खरेच. अचूक वर्तुळे बुटकी, चेपलेली दिसत होती. शेजारी रघुनंदनांच्या मूळ अक्षरांतली जुनी पाटी धरायला लावली, तर तिच्यावरचे प्रत्येक अक्षर काठोकाठ भरलेले. मोजून चुकीचे आणि पाहून पूर्ण. हे कोणत्या सूत्रात बसते, मला अजून सांगता येत नाही. रिक्षावाले ओरडत होते, मी रस्त्यातून हलले नाही.

३. म्हणून मूळ आकार कोणीही दुरुस्त करू नयेत. पाटीसाठी मागणाऱ्या दुकानदाराला टाइप फुकट द्यावा. माझ्या निधनाच्या बातमीत मात्र वापरू नये. फार आनंदी दिसतो.

४. प्रणीतला माझा पितळी कंपास द्यावा. टोमणा समजला तरी चालेल.

५. देवनागरी 'ळ' अपुरा आहे. दोन गोल शेजारी, जाड रेघेत, मधली जागा न बुजवता बसेनात. रघुनंदनांनी तो शेवटपर्यंत काढला आणि प्रत्येक वेळी फुली मारली. त्याच्याशिवाय या गावाचे नावसुद्धा त्या टाइपात लिहिता येत नाही. तो संहिता व प्रणीत यांनी मिळून काढावा. दोघांचे एकमत होईपर्यंत कोणालाही देऊ नये. तो कसा दिसेल, याची मला कल्पना करता येत नाही. कोणाला तरी येईल, एवढे मी त्या पाट्यांसमोर पाहिलेले आहे.

वरील मजकूर वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: अहल्या र. राव

साक्षीदार: १. मल्लाप्पा हुक्केरी, शिवाजीनगर. २. श्रीविद्या नरसिंह राव, जे. पी. नगर.

स्थळ: बेंगळूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५