उर्वशीचा फोटो अन् भुपेंद्रचं नाक

मु. अड्याळ
मंडईची जत्रा संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी

लाखांदूर मुक्कामी आनंदराव भाऊजींले अड्याळहून गोपीचंदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसतं लिहिलं आहे. मांडव काढताना कंबर धरली, म्हणून तूर्त उभ्याउभ्याच समजून घ्या.) आमच्याकडे सगळे खुशाल. तुमचं भारी धान कापाले आलं असंल. मंदाबाईचा गुडघा काय म्हणते, अन् त्या नव्या म्हशीनं लाथा मारणं सोडलं का, ते कळवा. आता पत्र काहून लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर ‘बॉक्सिंग’ हा शब्द निघाला का तुमचा फोन कटते, अन् मागून मंदाबाई सांगते का रेंज गेली. कागदाले रेंज लागत नाही, म्हणून कागद.

मागच्या खेपेस फोन कटायच्या आधी तुम्ही एक बोलून गेले. ‘तुझी भाची एवढी मोठी बॉक्सर आहे, तर तिचा फोटो कुठंच काहून दिसत नाही? भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत जिथं पाहा तिथं त्या भुपेंद्रचंच थोबाड!’ हे मले लागलं, भाऊजी. उर्वशी पोरगी तुमची, पण कॉलेजसाठी राहते माझ्या घरी, अन् माझ्या घरचा भात खाऊन बुक्क्या मारते. म्हणजे अर्धी इज्जत माझीबी गेली. मी तेव्हाच ठरवलं का ह्या पोट्टीले बॉक्सिंगचा चेहरा करून दाखवीन, अन् तुम्ही तिले जे म्हणता का ‘आता पुरे, घरी ये’, ते तुमच्याच तोंडून मागं घेववीन.

त्यासाठी आधी भुपेंद्रचा अभ्यास केला. (हा आपल्या वासुदेवरावचा नातू, तोच, ज्याले लहानपणी कोंबड्यायची भीती वाटे.) ट्यूशनच्या बॅनरवर भुपेंद्र, चिकन सेंटरवर भुपेंद्र, पुढाऱ्याच्या वाढदिवसाले हात जोडून भुपेंद्र, अन् सगळीकडं गळ्यात बॉक्सिंगचे ग्लोव्हज. मी त्याच्या कोचले विचारलं का हा खेळते कधी? कोच बिचाऱ्यानं बॅनरवरच्या ग्लोव्हजकडं बोट दाखवलं, किमतीचं लेबल अजून तसंच. मग माझ्या ध्यानात आलं. बॅनरवर शोभाले नाक सरळ पाहिजे, दात सगळे पाहिजेत, अन् डोळा काळानिळा नको. असं तोंड कोणाचं राहील? जो रिंगमधी उतरतच नाही त्याचं! आपली उर्वशी दर महिन्याले कोणाचा ना कोणाचा ठोसा खाऊन येते, ते बॅनरवाल्याले कसं चालंल?

तरी मी तिले फोटोसाठी बसवली. आदल्याच दिवशी ती खेळून आली होती, ओठ वडापावाएवढा सुजला होता. हस म्हटलं, तर म्हणे मामा, हसलं का दुखते. बॅनरवाला म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, कॉम्प्युटरवर साफ करून देतो. त्यानं ओठ साफ केला, भुवई साफ केली, रंग साफ केला, अन् शेवटी भाचीच साफ करून टाकली. बॅनर एसटी स्टँडवर लागला तर बायका मलेच विचारून राहिल्या का हे नवं पार्लर कुठं उघडलं. मंदाबाईची भावजय सीताबाई, म्हणजे माझी बायको, रोज तिच्या ताटात भात वाढते. तिनंबी विचारलं, ‘ही पोरगी कोण जी?’ मी बॅनर गुपचूप उतरवला. सध्या तो धानाच्या गंजीवर झाकण म्हणून आहे, अन् काम चांगलं देते.

मग दिवाळीनंतरची आपली मंडई आली. समितीचा सचिव मीच, तर म्हटलं, औंदा दंडारीच्या नाचाआधी बॉक्सिंग ठेवू. मांडवाच्या बल्ल्या गाडल्या, बैलगाडीचे दोर ताणले, रिंग तयार. उर्वशीसमोर बपेऱ्याची टीना, हाडापेराची मजबूत पोरगी. पाहुणा म्हणून अर्थातच भुपेंद्र, गॉगल लावून. माईक माझ्या हाती. इथंच गडबड झाली.

आपल्या दंडारीचा रिवाज तुम्हाले माहीत आहे. नाच रंगात आला का कोणी तरी उठते, खेळ थांबवते, अन् नाव पुकारून बक्षीस देते. लोकायले तीच सवय. उर्वशीनं पहिला ठोसा असा बसवला का टीना दोराले टेकली. अन् बाबुलाल किराणावाला नारळ घेऊन थेट रिंगमधी! मीबी सवयीनं पुकारलं, ‘थांबा, थांबा, बाबुलालजींकडून शाल अन् श्रीफळ!’ ग्लोव्हजमधी नारळ राहते का? तो घरंगळत भुपेंद्रच्या पायावर गेला. पंच ओरडून राहिला, पण त्याच्याकडं माईक नव्हता. त्यानंतर प्रत्येक ठोश्याले एक शाल. उर्वशी शाल उतरवेपर्यंत टीना दम खाऊन ताजी होऊन जाय. मध्येच भुपेंद्रनं दोन शब्द बोलाले माईक मागितला, अन् ते दोन शब्द एवढे लांबले का दोघी पोरी रिंगमधी मांडी घालून एकाच बाटलीतलं पाणी पिऊन राहिल्या होत्या.

भाषण संपवून तो हार घेऊन दोरातून आत येऊन राहिला, एक पाय आत, एक बाहेर. तेवढ्यात उर्वशी उठली. घरी चार शब्द बोलत नाही ती पोरगी, भाऊजी! दोन्ही ग्लोव्हजमधी माईक धरून म्हणे, ‘मामा, आता ह्या दोराच्या आत जो कोणी येईल, तो माझ्यासंग खेळाले आला असं मी समजीन.’

भुपेंद्रचा आतला पाय बाहेर गेला. बाहेर जाताना गॉगल दोरात अडकला, तो त्यानं तिथंच सोडला. अख्खी मंडई हसली, मीबी हसलो, मग मॅच सुरू झाली. काय सांगू तुम्हाले! नारळ हातातच राहिले लोकायच्या. असा खेळ मी जन्मात पाहिला नाही.

अन् ती हरली. हौ, खोटं काहून लिहू? थोडक्यात हरली, टीनाचा हात वर झाला. अन् तो हात आपल्या उर्वशीनंच वर धरला, पंचानंबी नंतर तिचं कौतुक केलं. मले वाटलं, संपलं सगळं, आता भाऊजींले काय तोंड दाखवू? सकाळी दार उघडतो तर अंगणात बायका उभ्या, आपापल्या पोरी हाताशी धरून. म्हणे, उर्वशी कुठं आहे, आमच्या पोरीले शिकवंल का? मी म्हटलं, ती तर काल हरली. त्यातली एक मलेच रागावली, ‘पाहिलं ना आम्ही, डोळे आहेत आम्हाले.’ भुपेंद्रचं नाव एकीनंबी काढलं नाही.

बाकी सर्व ठीक. मंदाबाईले नमस्कार, म्हशीले दुरूनच.

तुमचा,
गोपीचंद

ता. क. वरचं सगळं नुसतं वाचाले लिहिलं, काम वेगळंच आहे. येत्या रविवारी तुम्ही उर्वशीले पाहाले पाहुणे बोलावले, अन् त्याच रविवारी भंडाऱ्याले जिल्ह्याची निवड आहे, समोर पुन्हा टीनाच. तर पाहुण्यायले पुढची तारीख द्यायची परवानगी द्यावी, ही हात जोडून विनंती. (पाहुण्यायले मी आज सकाळीच फोन करून टाकला. परवानगी मागायची राहिली होती, ती आता मागून राहिलो.)

ता. क. दुसरा. तुम्ही फोटो मागितला होता. फोटो काही धड आला नाही, म्हणून हे पत्र मी पोस्टात न टाकता तिच्याच हाती दिलं. तुम्ही वाचून राहिले तोवर ती ओसरीवर उभी असंल, बस म्हटल्याशिवाय बसणार नाही. ती मले म्हणे, ‘मामा, गावानं पाहिलं, बाबानं एकदाबी नाही पाहिलं.’ संध्याकाळच्या एसटीनं तिले परत यायचं आहे. आता मान वर करा, भाऊजी. ओठ पुन्हा सुजलेला आहे, पण तुमचीच पोरगी आहे, ओळखू येईल.