रेकॉर्ड प्लेअर हॉटेलात जाणार नाही

अहो,

प्रकाश भावोजींनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकलाय. वहिनींनी दादांच्या रेकॉर्ड प्लेअरची वाट लावली, दादा असते तर त्यांना काय वाटलं असतं, वगैरे वगैरे. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. तुमच्या भावाचं हे असलं काही तुमच्यापर्यंत पोचण्याआधी झालं ते माझ्याकडून ऐका, म्हणून लिहायला बसले. आजवर तुम्हाला मी पत्र लिहिलेलं नाही. कधी लिहिणार होते? लग्न झाल्यावर वागळे इस्टेटच्या त्या चाळीतल्या खोलीत आपण जे समोरासमोर बसलो, ते तुम्ही जाईपर्यंत.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. प्लेअर चालू आहे. दोन्ही स्पीकर वाजतायत. आणि तो मी उघडला. हो, मीच.

आता रागवा हवं तेवढं. "सुमन, त्याला हात लावू नकोस," हे वाक्य मी तुमच्याकडून किती वेळा ऐकलं असेल? तुमच्या कंपनीतले साहेब परदेशी गेले, त्यांच्याकडून तुम्ही तो घेतलात. टॅक्सीतून स्पीकर मांडीवर घेऊन आलात. चाळीतल्या लोकांना वाटलं, टीव्ही आणला. त्या दिवसापासून धूळ पुसायची तरी तुम्हीच. रेकॉर्ड पुसायला मऊ मखमल लागायची, ती मात्र माझ्या शिवणाच्या कपड्यांतली चालायची. मी कापून द्यायची, पुसायचं तुम्ही.

आणि रविवारी तुमचं ऐकणं सुरू झालं, की माझं शिलाई मशीन बंद. "जरा थांब गं, खडखड ऐकू येते." बायकांचे ब्लाऊज संध्याकाळी द्यायचे असायचे आणि मी मशीनवर हात ठेवून तुमच्या गवयाची तान संपायची वाट बघत बसायची. आपला महेश लहान होता, तोही गप्प. नाट्यगीतं, भावगीतं, अधूनमधून एखादा ख्याल. सगळं तुमच्या पसंतीचं. तुला काय ऐकावंसं वाटतं, असं मला कधी कुणी विचारलं नाही.

पण तुमच्याबद्दल फक्त तक्रारच लिहिली तर तेही खोटं होईल. माझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि मी आतल्या खोलीत पडून होते, तेव्हा तुम्ही कुठून तरी लांब वायर आणलीत आणि एक स्पीकर उचलून माझ्या उशापाशी ठेवलात. बाहेर जाऊन रेकॉर्ड लावलीत आणि स्वयंपाकघरात खिचडी टाकलीत. खिचडी खाली लागली होती. गाणं कुठलं होतं ते आठवत नाही, आवाज मात्र अजून कानात आहे.

म्हणून तर मला तुमचा राग येतो. तुम्हाला लकवा झाला, उजवा हात गेला आणि त्याच सुमाराला प्लेअरही बिघडला. रेकॉर्ड रडायला लागली, गाणारा झोपेत गातोय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, कुणाला तरी दाखवू. तुम्ही मान हलवलीत. मी म्हटलं, मी बघू का उघडून? तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. आता ते गेलं." तुम्ही प्लेअरबद्दल बोलत होतात की स्वतःबद्दल, ते मला कळलं होतं. तरीही मी गप्प बसले, कारण तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत या घरात गाणं लागलं नाही. मी मोबाईलवर लावायची तर तुम्ही तोंड फिरवायचात.

तुम्ही गेल्यावर महेशने सगळं ठरवूनच टाकलं. मी त्याच्याकडे कोलशेतला राहायला जायचं, डोंबिवलीचं हे घर भाड्याने द्यायचं. त्याच्या फ्लॅटमधे मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून खाडी दिसते. सून चांगली आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण प्लेअरला तिथे जागा नाही. "आई, एवढे मोठे स्पीकर कुठे ठेवायचे?" असं म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "हवं तर आतलं काढून ब्लूटूथ टाकून घेऊ, एकच छोटा ठेवू." तेवढ्यात भावोजींनी तोडगा काढला. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने ठाण्यात हॉटेल काढलंय. जुन्या वस्तू मांडून सजवलंय म्हणे, कंदील, तांब्याची घंगाळं, टाइपरायटर. त्यात आपला प्लेअर दाराशी ठेवणार. वाजणार नाही, नुसता दिसणार. "दादांची आठवण राहील, वहिनी. लोक फोटो काढतील."

तुमच्या प्लेअरपुढे उभं राहून लोक दात काढून फोटो काढणार. आणि तो मुका. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

त्यांनी मला विचारलं होतं का? सांगितलं होतं. सांगणं आणि विचारणं यातला फरक तुमच्या घराण्यात कुणाला कळत नाही, तुम्हालाही कळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लेअर जेवणाच्या टेबलावर घेतला. खाली जुनी चादर अंथरली. वरची थाळी दोन्ही हातांनी उचलली तर ती सहज निघाली. अहो, सहज. मला वाटलेलं, आत काय काय असेल. आत एक मोटर, आणि मोटर आणि थाळी यांच्यामधे एक रबराचं चाक. ते चाक फिरलं की थाळी फिरते. अगदी माझ्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायला रबरी चाक असतं तसंच. ते रबर कडक झालं की बॉबिन सैल भरते, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. या चाकावर नख रुतवून बघितलं. नख रुतेना. दगड झालेला त्याचा.

मी तशीच खुर्चीत बसले. एवढंच होतं हो. तुमच्या शेवटच्या काळात या घरात गाणं नव्हतं ते एवढ्यासाठी? मी समोर बसून काजं करत होते आणि तुम्ही भिंतीकडे बघत होतात. माझ्या हातात एक स्क्रू-ड्रायव्हर दिला असतात तर काय बिघडलं असतं? खूप रडले. तुम्ही गेलात तेव्हा लोकांसमोर रडले त्याहून जास्त. मग डोळे पुसले आणि माझ्या मशीनचं नवं रबर त्यावर चढवून बघितलं. बसेना. कसंबसं ओढून बसवलं तर गाणं उचक्या देत चाललं. म्हणजे मला सगळं जमलं असं नाही. पण चाललं.

टेबलावर सगळं पसरलेलं असतानाच भावोजी आले. बरोबर हॉटेलचा मॅनेजर आणि दोन हमाल. खाली टेम्पो उभा. भावोजी टेबलाकडे बघून दारातच थांबले.

"वहिनी, हे काय केलंत? दादांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही याला."

"म्हणून तर बंद पडला."

"मी यांना शब्द दिलाय. हे पार ठाण्याहून आलेत."

"माझ्या घरातल्या वस्तूचा शब्द तुम्ही कसा दिलात, भावोजी?"

ते हसले. लहान मुलाची समजूत काढतात तसं म्हणाले, "अहो, तुम्ही महेशकडे जाणार ना? मग हे इथे कुणासाठी ठेवायचं?" आणि हमालांना खूण केली. त्यातल्या एकाने डावीकडचा स्पीकर उचललाही. मी दारात जाऊन उभी राहिले. हमालाला म्हटलं, "भाऊ, तुमची काही चूक नाही. पण तो खाली ठेवा. मी कुठेही जाणार नाही, आणि हाही जाणार नाही."

मी कोलशेतला जाणार नाही, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही ते तेव्हाच कळलं.

हमालाने माझ्याकडे बघितलं, भावोजींकडे बघितलं आणि स्पीकर होता तिथे नीट ठेवला. मॅनेजर बिचारा सॉरी सॉरी करत जिना उतरला. भावोजी मात्र चप्पल घालता घालता म्हणाले, "महेशशी बोलतो मी." म्हटलं, बोला.

महेशचा फोन आला. "आई, काकांचा अपमान झाला."

"झाला असेल."

"आणि तू येणार नाहीस म्हणे?"

"येईन ना. सणाला येईन, तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. पण या घराला कुलूप लावून येणार नाही."

तो म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू हट्टी झालीयेस." मी म्हटलं, आधीपासूनच असेन, संधी आत्ता मिळाली. फोन ठेवला त्याने.

मग मी रिक्षात घालून प्लेअर कल्याणला नेला. तिथे एक रेडिओ दुरुस्त करणारे सावंत म्हणून आहेत. त्यांनीही आधी तेच सांगितलं, आतलं काढून ब्लूटूथ टाकतो, झंझट नाही. मी म्हटलं, झंझट हवीये मला. हसले, आणि म्हणाले, मग ठेवून जा. चाकाला नवं रबर त्यांनी बसवून दिलं. आतले फुगलेले भाग बदलले, घरघर गेली. स्पीकरचं काम मात्र मी घरी केलं. कागदी भोंग्याच्या कडेचा स्पंज भुगा होऊन पडत होता. सावंतांनी नव्या गोल पट्ट्या दिल्या, चिकटवायचं कसं ते एकदा दाखवलं. गोल कापडाला झालर लावताना चुण्या पडू द्यायच्या नाहीत, तसंच असतं ते. पहिली पट्टी वाकडी बसली, काढून परत लावली.

आणि पुढचं कापड बदललं. तुमचं ते तपकिरी, उंदराच्या रंगाचं, फाटलेलं. मी पोपटी लावलंय. विरळ विणीचं, आवाज अडत नाही. तुम्हाला आवडलं नसतं. मला फार आवडतं.

पहिल्यांदा लावला तेव्हा मी दार उघडंच ठेवलं. तुमच्याच आवडीचं एक नाट्यगीत होतं. समोरच्या वैद्य वहिनी दारात आल्या. "सुमनताई, अजून वर्ष व्हायचंय ना?" म्हटलं, व्हायचंय. "नाही, बिल्डिंगमधे लोक बोलतात. गाणीबिणी लावायची म्हणजे..." मी म्हटलं, "वहिनी, दोन वर्षं हा माणूस गाण्यावाचून तडफडत गेला. आता मी आणखी सुतक पाळून कुणाचं भलं होणार आहे? लोकांना म्हणावं, माझ्यासमोर येऊन बोला." त्यांना ते आवडलं नाही. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पण रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत दाराला टेकून उभ्या होत्या, हेही सांगायला हवं.

महेश गेल्या रविवारी आला. रागातच होता. मी रेकॉर्ड लावली आणि शिलाई मशीनवर बसले. हो, गाणं चालू असताना मशीन चालवते मी आता. खडखड होते, होऊ दे. तो ऐकत बसला. म्हणाला, "लहानपणी हे लागलं की मला धडकी भरायची. हलायचं नाही, बोलायचं नाही." मी म्हटलं, आता हल, बोल. तर हसला. जाताना स्पीकरच्या मागे लोंबणारी वायर नीट भिंतीला ठोकून गेला. कोलशेतचं काही बोलला नाही. भावोजींची माफी माग, असं मात्र म्हणाला. मी मागणार नाही. त्यांनी यावं, चहा प्यावा, गाणं ऐकावं, माझं दार त्यांना बंद नाही.

बास. एवढं झालं. आता तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

एक शेवटचं. सावंतांच्या दुकानात कोपऱ्यात जुन्या रेकॉर्डचा ढीग आहे. त्यात मला लावणीची एक रेकॉर्ड दिसली. माहेरी गावाला तमाशा यायचा, तेव्हा आम्हा मुलींना जाऊ देत नसत. आम्ही परसात बसून लांबून येणारी ढोलकी ऐकायचो. मला लावणी आवडते, हे तुम्हाला आयुष्यभर माहीत नव्हतं. तुम्ही नाक मुरडलं असतंत, म्हणून मी सांगितलं नाही. सावंतांना ती बाजूला काढून ठेवायला सांगितलीय. तुम्हाला वचन देते, तुमची एकही रेकॉर्ड मी कुणाला देणार नाही, सगळ्या पुसून ठेवीन. पण या रविवारी आपल्या घरात पहिल्यांदा माझ्या पसंतीचं गाणं लागणार आहे, ढोलकी अगदी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तुम्हीही ऐका.

तुमची,
सुमन